परतीचा पुरावा

आईला महिनाभर फिरायला बोलवायचं म्हणून लेकीने परदेशात बसून व्हिसाची कागदपत्रं जमवली. निमंत्रणपत्र झालं, तिकिटाचं आरक्षणही झालं. अडलं एकाच ठिकाणी. आई परत जाईलच, याचा पुरावा हवा होता. एजंटाने विचारलं, “तिकडे त्यांच्या नावावर घर असेलच ना?” ते घर आता राहिलं नव्हतं. “एकटी कशाला राहतेस?” असा धोशा लावून गेल्या वर्षी लेकीनेच ते विकायला लावलं होतं. तेव्हापासून आई वृद्धाश्रमात होती. संध्याकाळी लेकीने आईला फोनवर भीतभीत सगळं सांगितलं. आई हसली. “एवढंच ना? मग तूच ये की! तुला कुठे व्हिसा लागतो?” लेकीला हायसं वाटलं. “येते गं, नक्की येते.” मग आई हळूच म्हणाली, “ये म्हटलं खरं, पण बाळा, उतरशील कुठे? इथं पाहुण्यांना मुक्काम करू देत नाहीत.”