साईराजचा युरोप दौरा

जर्मनीत शिकणारा साईराज शनिवार-रविवार जोडून मित्रांच्या घोळक्याबरोबर प्राग बघायला गेला आणि त्याला एकाएकी इतिहासाचा पुळका आला. त्यानं तिथूनच वडिलांना फोन लावला.

"आप्पा, हितली वेस पाचशे वरसांची हाय. साधा खिळा सुदीक ठोकू देत न्हाईत कुणाला!"

"लय शिस्तीची माणसं रं," आप्पांचा ऊर भरून आला. "आपल्याकडं दगडाची किंमतच न्हाई कुणाला."

फोन खिशात टाकून त्यांनी गावच्या साडेतीनशे वर्षांच्या वेशीकडं बघितलं. 'यशस्वी युरोप दौऱ्याबद्दल साईराजचे हार्दिक अभिनंदन' असा फ्लेक्स सावरत त्यांचा गडी गुंडा शिडीवर ड्रिल घेऊन खोळंबला होता.

"आनी दोन भोकं पाड, गुंडा," आप्पा म्हणाले. "पोराच्या तोंडावर सुरकुती नको."