नापास झालात तरी फी आमची

अमेरिकेतल्या सव्हाना बंदरावर क्रेन चालवणाऱ्या डेल्फीन रकरचं प्रमाणपत्र महिनाअखेर संपणार होतं, आणि ते गेलं की नोकरीही जाणार होती. नूतनीकरणाची फी सैनिकांच्या शिक्षण-सवलतीतून मिळावी म्हणून ती माजी सैनिकांच्या कचेरीत कारकून वेंडेलपुढे येऊन बसली.

वेंडेलला सगळे नियम तोंडपाठ होते. "सार्जंट, सवलत परीक्षेला आहे, नूतनीकरणाला नाही. तुम्ही सरळ प्रमाणपत्र संपू द्या आणि नव्याने परीक्षा द्या. नापास झालात तरी फी आमची!"

"नापास? अरे बाळा, तू रांगत होतास तेव्हापासून मी क्रेनवर आहे."

"मग पदरचे पैसे भरा आणि मोकळ्या व्हा."

"का म्हणून? वीस वर्षं लष्करात काय हवापालटाला गेले होते? हक्काचं आहे, सोडणार नाही."

तिने खरंच प्रमाणपत्र संपू दिलं. मुकादमाने तिला क्रेनवरून खाली उतरवलं आणि नवं प्रमाणपत्र आणायला शुक्रवारपर्यंतची मुदत दिली. गुरुवारी सकाळी वेंडेलने तिचा अर्ज मंजूर करून त्यावर दणक्यात शिक्का मारला.

"झालं तुमचं काम! आता फक्त परीक्षकासमोर क्रेन चालवून दाखवायची. या भागात अधिकृत परीक्षक एकच आहे म्हणे. थांबा, मीच आजची वेळ मागून घेतो," असं म्हणत त्याने यादीतला नंबर फिरवला.

 

डेल्फीनच्या खिशातला फोन वाजू लागला.