अल्याड बाळ, पल्याड घर

"डार्लाऽऽ, जेवलीस का गंऽऽ?"

बाबांचा आवाज. डार्लाच्या लहानपणी ते ओहायो नदीवर कोळशाची बोट चालवायचे. गावावरून जाताना बोटीच्या कर्ण्यातून लेकीला हाक घालायचे. सारं गाव हसायचं, आणि काठावरची डार्ला लाजून पळत सुटायची.

आज ती त्याच नदीच्या दुसऱ्या काठावर उभी होती. कुशीत बाळ, अजून नाळसुद्धा न पडलेलं. पल्याड इंडियाना, तिचं गाव, बाबांच्या घराची पांढरी ओसरी. मधे पूल. गाडीतलं एक गाणं संपायच्या आत पार होणारा.

पण बाळ अल्याडचं, केंटकीतलं. जन्म देणाऱ्या पोरीनं दत्तकाच्या कागदावर सही करून ते डार्लाच्या ओटीत घातलं होतं. तरी दोन्ही राज्यांच्या कचेऱ्यांचा होकार येईतो त्याला हद्द ओलांडता येत नव्हती. तोवर मुक्काम मोटेलात. डार्ला रोज एकटीच पूल ओलांडायची, आजारी बाबांच्या उशाशी बसून यायची. मोबाईलमधला बाळाचा फोटो पुढे धरला की बाबा नुसती मान डोलवायचे.

सोमवारी सुट्टी. कचेऱ्या उघडणार मंगळवारी. बाबा तोवर थांबायचे नाहीत, असं नर्स कालच म्हणाली होती.

"चल ना, जाऊन येऊ," डार्ला नवऱ्याला म्हणाली. "उभ्या उभ्या. कोण बघतंय?"

"कोण नाही बघत ते विचार," कर्टिस म्हणाला. "तुझी ग्लेंडाआत्या आधी फेसबुकवर टाकेल, मग बाळाचा पापा घेईल." तो हसला नाही. "आणि बाळ काढून घेतलं म्हणजे? मग काय करशील, डार्ला?"

तिनं बाळाला आणखी घट्ट धरलं.

फोन वाजला. भाऊ होता, वेंडल. "आणला बघ म्हाताऱ्याला ओसरीवर, खाटेसकट! माझी कंबर गेली कामातून. इस्त्रीचा शर्ट हवा म्हणून हटून बसला होता. हातात दुर्बीण दिलीय. घे, बोल."

पल्याड ओसरीवर काहीतरी पांढरं हललं. कर्टिसनं फोन स्पीकरवर टाकून तिच्या तोंडाशी धरला. डार्लानं दोन्ही हातांनी बाळ उंच उचललं, झोपलेलंच.

"बाबा, दिसतंय का हो?"

"दिसतंय की! न दिसायला काय झालं? हनुवटी अगदी तुझ्या आईची."

डार्ला रडता रडता हसली. "कायतरीच तुमचं."

"आणि ती निळी टोपी काय शोभतेय!"

बाळाच्या डोक्यावर टोपी नव्हती. डार्लानं कर्टिसकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. तिचे हात भरून आले, तरी तिनं बाळ खाली घेतलं नाही.

फोनमध्ये नुसता श्वास. अडकत अडकत येणारा.

"वेंडल, जा रे, पाणी आण मला." दार वाजलं. मग आवाज अगदी हळू झाला. "डार्ला."

"बोला ना, बाबा."

"भावाला सांगू नकोस. मागच्या थंडीपासून मला पुढ्यातलं ताटसुद्धा दिसत नाही गं. बाळाला जरा रडव, पोरी."