ससाणा आणि शेंबड्या

"पडलास तर मला उचलता यायचं नाही हं," ओनीडा काठावरून म्हणाली. तिचा धाकटा भाऊ व्हर्लिन, वय वर्षं सत्त्याहत्तर, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ओढ्यात उतरला होता. हातात पहार. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण गुडघ्यांना ते कोण सांगणार.

अठराव्या वर्षी हा डोंगर सोडून तो डेट्रॉइटला मोटारींच्या कारखान्यात गेला होता. आता एकट्या बहिणीला कायमचं आपल्याकडे न्यायला आला होता. ती हो म्हणत नव्हती, नाहीही म्हणत नव्हती.

वर एक ससाणा घिरट्या घालत होता.

"बाबा यांना मारून कुंपणाला टांगायचे," व्हर्लिन म्हणाला.

"आणि शेंबड्याला इथं काठावर. हा कोंबड्या खातो, तो ट्राउट मासे खातो म्हणून. तो बिचारा झिंगेच खायचा."

शेंबड्या म्हणजे या ओढ्यातला हातभर लांबीचा सॅलॅमँडर, पाण्यातली मोठी पालच जणू. चपटा, सुरकुतलेला, बुळबुळीत. लहानपणी दोघं दगड उलटून त्याला बघायची आणि किंचाळत घरी पळायची. ते दिवस आठवून व्हर्लिनला भरून आलं.

"ससाण्याचं बरं असतं बघ, ताई. या डोंगरावर नाही भागलं, तर त्या डोंगरावर. शेंबड्या जन्मभर एकाच दगडाखाली."

"सरळ माझं नाव घे की."

तो ओशाळला. मग एका सपाट दगडाखाली त्याने पहार सरकवली. "निघण्याआधी एकदा बघून तरी घे त्याला."

"राहू दे, व्हर्लिन. सप्टेंबर आहे. नर अंडी राखत बसला असेल. दगड हलला की सगळी वाहून जातात."

"पण आत आहे का तो?"

"असेल. तू गेल्यापासून मी उचलून बघितलं नाही. येता-जाता विचारते, बरा आहेस ना रे. झालं."

व्हर्लिनने पहार हळूच काढून घेतली. "आणि मी न्यायला आलोय, त्याचं काय?"

"तू येत जा," ती म्हणाली. "मधे इतकी वर्षं घालवू नकोस."

व्हर्लिन ओल्या पायांनी ट्रककडे गेला. लांबच्या प्रवासात बहिणीच्या दुखऱ्या कमरेसाठी म्हणून आणलेली नवी उशी पुढच्या सीटवर होती. ती त्याने काढली, आणि तिच्या पडवीतल्या खुर्चीवर नीट ठेवून दिली.