एक सही राहिली

“आधी सही, मग यंत्र,” म्हणत वृंदाने गोपनीयतेचा करार पुढे सरकवला. काजूगर अख्खा ठेवून बी फोडणारं यंत्र तिने वेंगुर्ल्यात तीन वर्षं खपून बनवलं होतं. पुण्यातल्या कंपनीला ते हवं होतं. शेजारी तिचा दीर आणि भागीदार सुहास घाम पुसत होता.

कंपनीच्या अधिकाऱ्याने सही केली आणि तो हसला. “तसं लपवण्यासारखं काय उरलंय? आतले रूळ रबराचे आहेत, हे आम्हाला केव्हाच कळलंय.”

वृंदाने यंत्राच्या खोक्याचं अर्धवट उघडलेलं झाकण पुन्हा बंद केलं. ती सुहासला बाहेर घेऊन गेली.

“वहिनी, सौदा लवकर जमावा म्हणून फोनवर बोलून गेलो.”

“आणि पात्याचा कोन?” यंत्राचं खरं मर्म तेच होतं.

“तो तुम्ही मला कधी सांगितलात?” त्याने दुखावून विचारलं.

घरच्या माणसापासून तेवढं लपवल्याची टोचणी तिला कायम होती. आता तेच लपवणं कामी आलं होतं, पण तिचे डोळे भरून आले.

आत येऊन तिने कराराची दुसरी प्रत काढली. “अजून एक सही राहिली आहे,” ती अधिकाऱ्याला म्हणाली आणि पेन दिराच्या हातात दिलं.