लई पळालेली गाडी

नोकरीला पुण्यात असलेला रामेश्वर धारूरला आला, तेव्हा शेजारचे आसारामकाका जुनी गाडी विकतायत असं त्याला कळलं. आपणच घ्यावी म्हणून तो बघायला गेला. टायर दाबून झाले, इंजिन ऐकून झालं. मीटरवर नजर गेली तसा तो थांबला.

"काका, एक लाख वीस हजार किलोमीटर? गाडी लई पळालीय. तुमी म्हणता तेवढा भाव कोण देईल?"

"खरं हाय तुझं," काका ओशाळून म्हणाले. "मी एकटा कुठं एवढा फिरतो? पण तुझ्या आण्णाला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला अंबाजोगाईला न्यायचो. तीन वर्षं गेली त्यात. तू सांग, किती कमी करू?"

"काहीच नका करू," रामेश्वर कसाबसा म्हणाला.

रामेश्वरचे वडील, आण्णा, जाऊन पाच महिने झाले होते. दर फोनवर ते सांगायचे, "एसटीनं जाऊन आलो, बरं हाय." डायलिसिसवरून उठलेला म्हातारा माणूस एसटीत उभ्यानं कसा येत असेल, हे रामेश्वरनं त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.