शेवाळाची राखण

नवऱ्याच्या वर्षश्राद्धाचं पान वाळूवर ठेवून, काठी बाजूला टाकून द्वारकी आभाळाकडे बघत बसली होती. दुपार टळली, घरात सगळे उपाशी, तरी कावळा फिरकेना.

जन्मभर तिने कावळेच हाकलले होते. वाळत घातलेल्या समुद्रशेवाळात अडकलेल्या कोळंबीवर त्यांची धाड पडायची. यंदा सुनेच्या बचतगटाने सोलर ड्रायर आणला. शेवाळ काचेआड गेलं आणि कावळ्यांनी किनारा सोडला.

“आये, कावळे गेले खंय?” सुनेने विचारलं.

“तुझ्या त्या पेटीक इचार!”

द्वारकीने ड्रायर उघडला आणि ओंजळभर ओलं शेवाळ पानाशेजारी पसरलं. बऱ्याच वेळाने एक कावळा उतरला, उड्या मारत पानाकडे निघाला. तिचा उजवा हात सवयीने काठीकडे गेला. डाव्या हाताने तिने तो घट्ट धरून ठेवला.